न्हाणीच्या पाण्याचा उत्पादन खर्च

(भिवंडी येथे भरलेल्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आपली ही बैठक भिवंडीला भरली, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारले, कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी ठाणे जिल्ह्यात येऊन काय करायचे? इथे ना कापूस, ना ज्वारी. इथे भाताची खाचरे, गोदामे आणि रात्रंदिवस खडखडणारे माग. पण आपण पिकवलेला कापूस जिनात जातो, गिरणीत जातो, त्याचे सूत होते आणि ते सूत अशाच गावात येऊन कापड होते. आपल्या मालाचे पुढे काय होते, हे शेतकऱ्याने एकदा डोळ्यांनी पाहावे, म्हणून इथे आलो.

काल आपण दोन जागा पाहिल्या. सकाळी वज्रेश्वरी आणि अकलोलीची गरम पाण्याची कुंडे, दुपारी सुताला खळ लावण्याचा सायझिंगचा कारखाना. आज आम्हाला कापसाच्या भावावर बोलायला सांगितले आहे. त्यावर इतर वक्ते बोलतीलच. आम्ही बोलणार आहोत घरातल्या न्हाणीच्या पाण्यावर. हसू नका. हा विषय आम्हाला कुंडावरच सुचला.

तानसा नदीकाठची ही कुंडे याच भिवंडी तालुक्यात आहेत. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्यानंतर वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले. पाणी त्याच्याही आधीपासून जमिनीतून कढत वर येते आहे. काल आपण सगळे तिथे मनसोक्त अंघोळी करून आलो. परतताना यवतमाळकडच्या एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, इथं देवी पाणी तापवून देते. आमच्या घरी थे देवी मीच आहो."

सगळे हसले. आम्हाला मात्र रात्रभर ते वाक्य डाचत राहिले. कारण आपल्या चळवळीने आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली आहे. मालाचा उत्पादन खर्च काढा, आणि तो काढताना घरच्या माणसांची मजुरी धरायला विसरू नका. सरकार कापसाचा खर्च काढताना घरच्यांची मेहनत कमी धरते म्हणून आपण रस्त्यावर बसलो. आणि आपल्या घरात रोज पहाटे जे पाणी तापते, त्याचा खर्च आपण कधी काढला? पऱ्हाटी फुकट, बाई फुकट, म्हणून पाणी फुकट! सरकार आपल्याशी जो हिशेब करते, तोच हिशेब आपण घरच्या लक्ष्मीशी करतो.

हिशेब मांडू

हिशेब साधा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. हिवाळ्यात रांजणातले पाणी २० अंशांवर असते, अंघोळीला ४२ अंश पुरते. म्हणजे २२ अंश वाढवायचे. १८ लिटरची बादली धरली तर एका अंघोळीला सुमारे ४०० किलोकॅलरी झाल्या. पाच माणसांच्या घराला रोज २,०००.

आता ही उष्णता आणायची कुठून?

एक किलो वाळलेल्या पऱ्हाटीत सुमारे ३,५०० किलोकॅलरी असतात. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीवर हंडा ठेवला, की त्यातला दहावा हिस्सा पाण्यात उतरतो. बाकी सगळी उष्णता धुरात, वाऱ्यात आणि भिंतीत जाते. म्हणजे किलोमागे हाती लागतात ३५०. रोज पावणेसहा किलो पऱ्हाटी लागली. थंडीचे चार महिने धरा, जवळजवळ सात क्विंटल झाली!

याच भिवंडीत २००७ साली वीज वाटप खासगी कंपनीकडे गेले. त्याआधी गळती आणि बुडालेली वसुली मिळून इथली निम्म्याहून जास्त वीज हिशेबाबाहेर जात होती. त्यावर केवढा गहजब झाला! आणि आपल्या चुलीत दहापैकी नऊ हिस्से गळतात, त्याची चौकशी कोणी करत नाही. कारण त्या गळतीचे बिल बाई भरते.

तेच पाणी बंबात तापवा. बंबात जाळ मधल्या नळकांड्यात असतो आणि पाणी त्याच्या भोवती. म्हणून उष्णतेला पळायला वाट कमी. चौथा हिस्सा जरी पाण्यात उतरला असे धरले, तरी रोज सव्वादोन-अडीच किलोत काम भागते. चार महिन्यांना पावणेतीन क्विंटल. सव्वाचार क्विंटल पऱ्हाटी वाचली. ती उपटायची, बांधायची, डोक्यावर आणायची, मोडायची मेहनतही वाचली.

विजेचे सांगतो. एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. रोजच्या २,००० किलोकॅलरींना थोडी घट धरून अडीच युनिट, म्हणजे चार महिन्यांना ३०० युनिट लागतील. आपल्या बिलावरचा दर बघा आणि गुणाकार करा. गॅसच्या शेगडीवर तापवले तर रोज सुमारे ३०० ग्रॅम, चार महिन्यांना घरगुती अडीच सिलिंडर.

आता मजुरी. पऱ्हाटी आणणे, मोडणे, जाळ पेटवणे, फुंकणे, हंडे उतरवणे यांना रोज दीड तास धरू. चार महिन्यांत १८० तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर साडेबावीस दिवसांची मजुरी. तुमच्या गावात निंदणीला, वेचणीला जो रोज चालतो त्याने गुणा आणि तो आकडा पऱ्हाटीच्या रकान्यासमोर लिहा. मग सांगा, फुकटचे पाणी किती महाग पडले ते.

पऱ्हाटीही फुकट नाही. मुंबईला माटुंग्यात १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची सरकारी संशोधन संस्था आहे. पऱ्हाटीपासून फर्निचरच्या फळ्या आणि जळणाच्या कांड्या बनवण्याचे तंत्र तिने बसवले आहे. ज्या वस्तूचे फर्निचर होते ती वस्तू कचरा कशी? आणि धुराची किंमत वेगळीच. घरातल्या चुलीच्या धुराने जगभरात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. त्यांत फुंकणी हातात असलेल्या बाया आणि त्यांच्या मांडीवरची पोरे किती असतील, ते आम्ही सांगायला नको.

बंब वापरा, पण डोळे उघडे ठेवून

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे, की ज्याच्या घरी पऱ्हाटी-तुराटी आहे त्याने उघड्या चुलीवर पाणी तापवणे सोडावे आणि बंब घ्यावा. माळ्यावर आजीचा तांब्याचा बंब पडला असेल तर तो मोडीत घालू नका, डाख लावून आणा.

बंबाचे नियम थोडेच आहेत. आधी पाणी भरा, मग जाळ करा. रिकामा बंब तापला की डाख वितळतो आणि सांधे सुटतात. जळण वीतभर तुकड्यांचे आणि वाळलेले असावे. राख रोज काढा, खालून हवा गेली पाहिजे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, बंबाच्या झाकणातली वाफ जायची वाट कधीही बंद करू नका. कोणी हुशार कारागीर चारी बाजूंनी बंद बंब करून वर नळ बसवून देतो. त्याला हात जोडून परत पाठवा.

का, ते काल सायझिंगच्या कारखान्यात आपण पाहिले. तिथल्या बॉयलरला पाणी दाखवणारी काच आहे, दाब दाखवणारा काटा आहे, दाब वाढला की आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. बॉयलरची तपासणी होते, चालवणाऱ्याला परवाना लागतो. त्यासाठी या देशात १९२३ साली कायदा झाला आणि त्याच्या जागी २०२५ साली नवा आला. कोंडलेली वाफ म्हणजे बॉम्ब आहे, हे सरकारला शंभर वर्षांपासून कळते. आपल्या घरातल्या बंबाला निरीक्षक येणार नाही. तिथे आपणच निरीक्षक.

आणखी एक. बंब अंगणात किंवा पडवीत ठेवा. दारे लावून न्हाणीत जाळ करू नका. जाळाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात आणि माणूस जागेवर बसतो तो उठत नाही.

पऱ्हाटी साठवतानाही भान ठेवा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात काय केले ते विसरला नसालच. ही अळी पऱ्हाटीवर राहिलेल्या वाळक्या बोंडांत झोप काढते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. तेव्हा जळणाची गंजी शेताच्या बांधावर रचू नका. राहिलेली बोंडे तोडून जाळा आणि पावसाळ्याच्या आत पऱ्हाटी संपवा. चार महिन्यांचे पाणी तापेल इतकीच घरी ठेवायची. आता ती किती, ते तुम्हाला माहीत आहे.

विजेचा रॉड आणि आपली पोरे

आपल्यापैकी काहींची पोरे शिकायला, कामाला शहरात आहेत. कोणी याच भिवंडीत गोदामात आहे, कोणी पुण्याला. एका खोलीत चौघे, खोलीतच मोरी. पहाटे उठून एकाच रॉडवर पाळीपाळीने पाणी तापवतात. गावाकडेही आता घरोघर रॉड आला आहे. रॉडमध्ये उष्णता वाया फारशी जात नाही, हे खरे. पण रॉडला चूक माफ नाही. जे सांगतो ते घरी भिंतीवर लिहून ठेवा आणि पोरांना पत्राने, फोनने कळवा.

रॉड आयएसआय छापाचा आणि तीन पिनांचा घ्या. तिसरी पिन तोडून दोन भोकांत खुपसणारा माणूस स्वतःच्या लेकराचा वैरी आहे. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपियर वीज ओढतो. ती दिव्याच्या बोर्डावरून घेऊ नका. १६ अँपियरचा पॉवर प्लग बसवून घ्या. बादली लोखंडी, पितळी नको, जाड प्लास्टिकची असावी. रॉड बादलीच्या कडेला टेकू नये म्हणून आडवी लाकडी काठी टाका आणि त्यावर अडकवा. पाणी रॉडवरच्या खुणेपर्यंत आलेच पाहिजे. आधी रॉड पाण्यात, मग बटण. काढताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉडला हात. पाणी तापले का हे बोट घालून बघायची सवय आजपासून बंद! किती तरी माणसे त्या एका बोटाने गेली आहेत.

बादली तापायला किती वेळ, तेही ऐका. पूर्ण २३० व्होल्ट असतील तर १५०० वॅटचा रॉड आपली १८ लिटरची बादली १९ मिनिटांत तापवतो. पण गावात व्होल्टेज १८० वर येते, तेव्हा त्याच रॉडची ताकद ९२० वॅटच्या आसपास उरते आणि अर्धा तास लागतो. युनिट तितकेच पडतात, वेळ मात्र वाढतो. घाईने दुसरा रॉड त्याच प्लगावर लावू नका, तार जळेल.

अर्थिंगचे दुखणे आपल्या कोरडवाहू मुलखात मोठे आहे. खड्डा काढून मीठ-कोळसा घालून पाटी पुरली, की आपण विसरतो. जमीन सुकली की अर्थिंग निकामी होते. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा. आणि मीटरजवळ ३० मिलीअँपियरचे आरसीसीबी बसवून घ्या. कुठे वीज गळाली, कोणाच्या अंगातून जाऊ लागली, की हे यंत्र क्षणात पुरवठा तोडते. एका फवारणीच्या औषधाच्या खर्चात अडते, असे म्हणणाऱ्याने फवारणी कोणासाठी करतो याचा विचार करावा. आकडा टाकून घेतलेल्या विजेवर रॉड लावणाऱ्याला मात्र ना अर्थिंग वाचवते, ना ब्रेकर.

गिझर आणि ऊन

हल्ली गॅसचा गिझरही गावात आला आहे. लगेच गरम पाणी देतो, खर्चालाही परवडतो. पण तोही जाळच आहे, हे विसरू नका. मघाशी सांगितलेला बिनवासाचा वायू बंद न्हाणीत त्यातूनही होतो. गॅसची गळती वासाने कळते, हा वायू कळत नाही. दार लावून अंघोळीला गेलेली धडधाकट पोरे त्यात गेली आहेत. गॅसचा गिझर न्हाणीच्या बाहेर, उघड्या हवेत बसवा आणि नळ तेवढा आत घ्या. तसे करायला जागा नसेल तर गिझर घेऊच नका. आत गेलेला माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि सरळ दवाखाना गाठा.

विजेचा टाकीचा गिझर घेतलात तर तो ५०-५५ अंशांवर ठेवा. अंघोळीआधी लावा आणि मगच बंद करा. दिवसभर चालू ठेवला की टाकीतली उष्णता नुसती उडत राहते. त्याच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून बूच मारू नका, तोच त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह.

आणि आपल्याकडे जे उदंड आहे, ते म्हणजे ऊन. ज्याला ऐपत आहे त्याने छतावर सौर बंब बसवावा. १०० लिटरला साधारण दोन चौरस मीटर जागा लागते. पण बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर आधी विक्रेत्याला विचारा, तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने भरून येतात. कर्ज काढून मात्र हा बंब घेऊ नका.

ज्याला ऐपत नाही त्याच्या घरी तुषार सिंचनाचे काळे पाइप असतात. ६३ मिलीमीटरच्या सहा मीटर पाइपात सुमारे १६ लिटर पाणी मावते, म्हणजे एक अंघोळ. दोन्ही टोकांना बूच बसवा, वरच्या टोकाला हवेसाठी भोक ठेवा, खालच्या टोकाला तोटी, आणि जरा उतार देऊन पत्र्यावर उन्हात टाका. उतरत्या दुपारी ते पाणी पिंपात घ्या आणि पिंपाला कवडी कापूस भरलेली जाड गोधडी गुंडाळा. रात्रीच्या अंघोळीला पाणी गरम मिळेल. सकाळी कोमट राहिले तरी बिघडत नाही. २२ अंशांऐवजी १० अंशच वाढवायचे उरले, म्हणजे जळण निम्म्याहून कमी झाले. ते पाणी पिण्याला वापरू नका आणि पेटत्या बंबाजवळ गोधडी नेऊ नका.

लहान लेकरांच्या घरात एक नियम पाळा. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. कढत बादलीत पडलेले लेकरू पाहणे कोणाच्या नशिबी येऊ नये. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडा. शाई, दंतमंजन, चुना काही लावू नका. मग दवाखाना.

वही घेऊन या

भावांनो, १९८६ साली शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या अधिवेशनात लाखोंनी बाया आल्या. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. ज्यांनी जमीन दिली त्यांना एक बंब देणे जड नाही. पण पहाटे उठून तो पेटवायची पाळी पुरुषांनी घ्यायची वेळ आली, की थंडी फार असते!

परत गेल्यावर तीन कामे करा. एक, सात दिवस न्हाणीला लागणारे जळण वजनकाट्यावर मोजा, लागलेला वेळ घड्याळावर बघा आणि दोन्ही वहीत लिहा. त्या सात दिवसांत पाणी तुम्ही स्वतः तापवा, म्हणजे आकडे खरे येतील. दोन, घरातला रॉड, प्लग, अर्थिंग, बंबाची वाफेची वाट एकदा तपासा. शहरातल्या पोराच्या खोलीवर गेलात तर त्याच्या मोरीतही डोकवा. तीन, ती वही पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या.

सरकारपुढे आपण कापसाचा उत्पादन खर्च मांडतो, तेव्हा साहेब विचारतात, घरच्यांची मजुरी कशाला धरता, ती काय तुम्हाला रोख द्यावी लागते? या प्रश्नाचे उत्तर द्यायचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर घरची मजुरी आधी आपल्या वहीत चढली पाहिजे. त्या मावशी आज इथे बसल्या आहेत. पुढच्या बैठकीत त्यांच्या घरचा आकडा आधी वाचू.